अप्पांचा तिसरा नंबर

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो अप्पांच्या तिसऱ्या नंबराला. अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला त्यांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवलं. पण त्याच्याआधी, लग्न व्हायच्याही आधी, मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर मोटारींची राष्ट्रीय शर्यत झाली होती, अन तीत अप्पा देशात तिसरे आले होते. हे मी शोधून काढलेलं नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ते माझ्या कानावर आदळत आलंय.

दहावीला मी गणितात शाळेत पहिली आले. पेढे घेऊन गॅरेजवर गेले, तर अप्पा ट्रॅक्टरच्या खालूनच म्हणाले, "बेस झालं. मी देशात तिसरा होतो." मला बघायला नांदेडहून पाहुणे आले. मुलगी काय शिकली, असं त्यांनी विचारलं, तर माझ्या बी.एस्सी.चं नाव निघायच्या आधी अप्पांनी शर्यत सुरू केली, अन पोहे संपले तरी ती संपेना. लग्नानंतर सहा महिने माझ्या सासूबाई रिक्षावाल्यांना सांगायच्या, "हळू घ्या बाबा, हिचे वडील शर्यतवाले हायेत." जसं काही माझ्या वजनानंच रिक्षा पळणार होती. परवा परवा डॉक्टरनं रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधला, तर अप्पा म्हणाले, "आवळा की अजून. आम्हाला याच्यापेक्षा घट्ट पट्ट्यांची सवय हाय."

ती गाडी कशी होती ते सांगायला अप्पा आईचं लाटणं घ्यायचे. लाटणं फरशीवर आडवं ठेवायचं अन त्याच्या दोन्ही बाजूंना, जरा लांब, चार वाट्या. "ही गाडी. मधी माणूस. चाकं सगळी बाहेर, उघडी. वर छत न्हाई, दार न्हाई, मडगार्ड न्हाई, पुढं काच न्हाई."

आई म्हणायची, "मग हाय काय तिच्यात?"

अप्पा त्यावर जेवणाचं ताट पुढं ओढायचे. एकदा माझ्या मैत्रिणीनं विचारलं, मडगार्ड नाही तर चिखल तोंडावर उडत असेल की. मी भाबडेपणानं तो प्रश्न घरी नेला. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता आई नाही. अप्पा लातूरच्या घरी एकटे राहतात, गॅरेज दुसऱ्याला चालवायला दिलंय, अन रोज सकाळी तिथं जाऊन त्याला चुका दाखवतात. मी नांदेडला, शाळेत गणित शिकवते. माझी लेक इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, मेकॅनिकलला. त्या वर्गात मुली इनमिन चार. ही चौथी तिथं कशी पोचली म्हणाल, तर त्या लाटण्या-वाट्यांमुळं. लहानपणी सुट्टीत लातूरला गेली की ती अन अप्पा स्वयंपाकघराच्या फरशीवर शर्यत लावायचे, अन मी हातानं भाकरी थापायचे, कारण पोळ्या करायला लाटणं मोकळं नसायचं.

तर कॉलेजातल्या पोरांनी मागच्या वर्षी तशीच एक गाडी बनवली. पाइपा जोडून केलेला सांगाडा, त्यात मोटारसायकलचं इंजिन, चारी चाकं उघडी. अशा गाड्यांची कॉलेजा-कॉलेजांत स्पर्धा असते म्हणे. गाडी पाठवायच्या आधी कॉलेजात तिचा कार्यक्रम ठरला अन पाहुणा म्हणून एक पुढारी ठरले. पुढाऱ्यांना त्याच दिवशी बिलोलीकडं दुसरं उद्घाटन मिळालं, त्यांनी नाही म्हणून कळवलं. मग पाहुणा कोण यावर मीटिंग झाली अन माझ्या लेकीनं हात वर केला. म्हणाली, "माझे आजोबा देशात तिसरे आले होते."

मला वाटलं, आता अप्पा आनंदानं वेडे होणार. पन्नासएक वर्षं ज्या माणसानं न विचारता सांगितलं, त्याला लोक मांडव घालून, माईक देऊन विचारणार होते. मी फोन केला.

"मला जमायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "साखर वाढलीय."

"किती?"

"वाढलीय म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी साखर उतरली होती, पण गुडघा धरला होता. तिसऱ्या दिवशी उदगीरला कुणाची तरी वास्तुशांत होती. चौथ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की असल्या कार्यक्रमात माणसाचा वेळ फार जातो. हे सांगायला त्यांनी पाऊण तास घेतला. मी गणिताची बाई आहे, उत्तर जुळत नसलं की मला चैन पडत नाही. पण म्हातारपण असेल, लाजत असतील, असं म्हणून मी जोर लावला, अन शेवटी ते हो म्हणाले.

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. अप्पांचा जुना फोटो घरात एकही नव्हता, म्हणून फ्लेक्सवाल्यानं त्यांच्या आधार कार्डावरचा चेहरा घेतला अन एका गोऱ्या शर्यतवाल्याच्या धडावर चिकटवला. लाल चकचकीत कपडे, हातात हेल्मेट, अन वर अप्पांचा तो आधारवाला, नुकताच दात काढून आल्यासारखा चेहरा. खाली मोठ्या अक्षरात, राष्ट्रीय शर्यतीत तृतीय क्रमांक. माझ्या मिस्टरांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढला अन सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

अन त्याच संध्याकाळी लेक माझ्याकडं आली, मोबाइल पुढं धरून. तिला अप्पांचा खरा फोटो हवा होता म्हणून ती चार दिवस इंटरनेटवर शोधून राहिली होती. फोटो नाही सापडला. त्या शर्यतीचा जुना छापील निकाल कुणीतरी टाकलेला सापडला. गाड्यांचे नंबर, चालकांची नावं, अन पुढं निकाल. तिसऱ्या जागेवर कुणी भलताच माणूस होता. अप्पांचं नाव शेवटून पहिलं. पुढं इंग्रजीत लिहिलेलं, अपात्र.

"अपात्र असं धीम्या गाडीला कुणी म्हणत नाही ना, आई," ती म्हणाली. "नियम मोडला तर म्हणतात. अप्पांनी काहीतरी लबाडी केली असणार. अन वर आपल्याला तिसरा म्हणून सांगितलं."

मी म्हणलं, छापण्यात चूक असेल. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. ती खोलीत गेली अन दार लावून घेतलं. जाता जाता एवढंच म्हणाली, "मी कुणाच्या जोरावर ही लाइन घेतली, मलाच कळंना आता. उद्या त्यांना आणलंस तरी मी त्यांच्याशी बोलणार नाही."

मला काय राग आला म्हणून सांगू. पोरीचा चेहरा बघून तर जास्तच. बाई गं, पन्नास वर्षं लाटणं फिरवलं ह्या माणसानं!

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा सुटल्यावर मी गाडी काढली अन लातूर गाठलं. अप्पा खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसलेले, बॅग भरलेली नाही, काही नाही. "गुडघा लई दुखलालाय," म्हणाले. मी त्यांचं धोतर, टोपी, गोळ्या पिशवीत भरल्या अन त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. माझा चेहरा बघून गुडघा आपोआप बरा झाला असावा, कारण ते परत उतरून, शेजारच्यांच्या पायऱ्या चढून, निरोप घेऊन आले.

मला गाडी अप्पांनीच शिकवली, तीही ट्रॅक्टरवर, म्हणून शेजारी बसले की त्यांचं तोंड थांबत नाही. गिअर उशिरा बदललास, क्लच सोड, त्या टेम्पोच्या मागं कशाला चिकटलीस. चाकूर जाईपर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हणलं, "अप्पा, शर्यतीचा निकाल सापडलाय. छापील."

"पुढं गतिरोधक हाय. दुसऱ्यात घे."

"तुमच्या नावापुढं अपात्र लिहिलंय."

"यंदा तूर चांगली दिसलालीय इकडं."

"अप्पा, तुमच्या नातीनं वाचलंय ते. तिनंच शोधलंय. कालपासून ती खोलीबाहेर नाही आली. मला एवढंच सांगा, तुम्ही लबाडी केली होती का?"

मग मात्र गिअर उशिरा बदलला तरी काही बोलले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. अहमदपूरच्या अलीकडं एका हॉटेलापाशी त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. चहा आला. अर्धा बशीत ओतला, फुंकला, अन तो तसाच ठेवून सांगायला लागले.

तेव्हा अप्पा हैदराबादला एका गॅरेजात कामाला होते. शर्यतीची गाडी मालकानं स्वतः बनवली होती, सीटही स्वतःच्या मापाची. पण माप घेतलं होतं रमजानच्या शेवटी शेवटी, रोजे धरून मालक वाळले होते तेव्हा, अन शर्यत आली लग्नसराई उरकल्यावर. आदल्या दिवशी मालक मद्रासला गाडीत बसले ते बसलेच. चौघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा बाहेर निघाले, एक बूट आतच राहिला. आता चालवणार कोण? सगळ्यांनी एकमेकांच्या पोटाकडं बघितलं अन मग काडीसारख्या अप्पांकडं बघितलं. अशी ती निवड झाली होती. आम्हाला ती कायम 'मालकानं माझी हुशारी पारखली' अशी सांगितली गेली होती.

इकडं उदगीरला कुणीतरी जाऊन अज्जांना सांगितलं की तुमचं पोरगं बिनछताच्या गाडीत बसून मरायला चाललंय. अज्जा म्हणजे अप्पांचे वडील, माझे आजोबा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकान, कपाळाला विभूती, पांढरं धोतर, अन जरब अशी की ते आले की हमालसुद्धा पोतं हळू टाकायचे. त्यांनी कुणाला चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. अज्जांनी धपाट्यांचं गाठोडं बांधून घेतलं अन पोराला कान धरून आणायला रेल्वेनं निघाले. कानडी, तेलुगू, उर्दू येत होतं, म्हणून विचारत विचारत पोचले. पोचले तेव्हा शर्यत सुरू झालेली होती.

"मी तिसरा होतो," अप्पा म्हणाले. "खरंच होतो. माझ्या पुढं दोनच गाड्या. अन वळणावर, गवताच्या गठ्ठ्यामागं, पांढरं धोतर दिसलं."

आता हे नांदेडच्या नव्या पोरांना समजायचं नाही, म्हणून सांगते. त्या काळात आमच्या उदगिरात वडिलांसमोरून कुणी सायकलवर बसून जात नसे. दुकान आलं की उतरायचं, मान खाली घालून सायकल हातात धरून चालायचं, अन दुकान मागं पडलं की परत टांग मारायची. अप्पा लहानाचे मोठे असेच झाले होते.

"मी ब्रेक दाबला न्हाई," अप्पा म्हणाले. "पायानं दाबला."

राष्ट्रीय शर्यतीत, तिसऱ्या नंबरावर असताना, माझे वडील गाडी थांबवून खाली उतरले अन गवताचा गठ्ठा ओलांडून वडिलांच्या पाया पडले. हेल्मेट काढायचं राहिलं. ते अज्जांच्या गुडघ्यावर आपटलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. मला हसावं की रडावं कळेना. "मग?" म्हणलं.

"तुझे अज्जा मला न्यायला आले होते. पण तवर त्यांनी दोन-तीन फेऱ्या बघितल्या होत्या ना. मला म्हणले, 'अरे येड्या, पाया काय पडलालास? ते मागचे लोक पुढं गेले की! बस, बस आत!'"

अप्पा आत बसले. पण इंजिन बंद पडलेलं, अन त्या गाडीला स्टार्टर नव्हता. तेव्हा अज्जांनी धपाट्यांचं गाठोडं अप्पांच्या मांडीत टाकलं, धोतर वर खोचलं अन मागून गाडी ढकलायला लागले. शर्यतीवर लक्ष ठेवणारे झेंडेवाले चौघं इंग्रजीत ओरडत धावत आले. बाहेरच्या माणसानं गाडीला हात लावायचा नाही, असा नियम होता. अज्जांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, लोक हुरूप देऊन राहिलेत. त्यांनी अजून जोर लावला, अन एका झेंडेवाल्याला दटावलं, "बघत काय उभारलास? हात लाव की!" तोही बिचारा घाबरून लावणारच होता. इंजिन धडधडलं, अप्पा सुटले, अन मांडीवर धपाटे घेऊन त्यांनी राहिलेल्या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. शेवटून दुसरे आले. मग नियमाप्रमाणं नाव खोडलं गेलं.

मी हसले. मला आवरेनाच. हॉटेलवाला बघायला लागला. पण अप्पा हसत नव्हते.

"म्हणून सांगत न्हवतो," ते म्हणाले. "उदगीरच्या मोंढ्यात त्या माणसाच्या शब्दावर सौदे व्हायचे. अन धोतर खोचून गाडी ढकलली म्हणून लोकांनी दात काढायचे? तू बी काढलेस. मला लबाड म्हणू द्या. मला चालतंय."

"अन नातीनं म्हणलं तर?"

त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात पिला. "तिला बी सांगायचं न्हाई. शपथ घे माझी." मी घेतली. पण गाडीत बसताना मला एक गोष्ट कळेना. अपात्र ठरलो, अज्जांमुळं ठरलो, ते सांगायचं नाही, इथवर ठीक. गप्प बसायचं की मग. तिसरा आलो म्हणून गावभर पिटायची काय गरज होती? हे मी विचारलंसुद्धा. तर म्हणाले, "लाइट लाव, अंधारून आलं." मग मीही तोंड सोडलं. म्हणलं, अज्जांची अब्रू झाकली ते बरं केलंत, पण तिसऱ्या नंबराची हौस तुमची होती, ती अज्जांच्या नावावर टाकू नका. त्यावर त्यांनी काच वर घेतली अन टोपी डोळ्यांवर ओढली.

लेक दार उघडून बाहेर आली नाही. अप्पा दोनदा तिच्या खोलीपाशी जाऊन उभे राहिले अन घसा खाकरून परत आले. जेवताना त्यांनी लाटण्याकडं बघितलं अन नजर खाली घातली. मी शपथेत अडकलेली, नुसत्या पोळ्या वाढत राहिले.

रविवारी सकाळी कॉलेजचा हॉल गच्च भरलेला. स्टेजच्या पायथ्याशी ती पोरांची गाडी, अन तिच्या बोडक्या चाकांना झेंडूच्या माळा घातलेल्या. आमच्या लोकांना माळ घातल्याशिवाय गाडी गाडीच वाटत नाही. सत्काराला सुरुवात झाली. अप्पांना फेटा, शाल, नारळ. मग ज्यांनी अप्पांना शाल दिली त्यांना शाल. मग ज्यांनी शाली आणल्या त्यांना नारळ. सूत्रसंचालन करणारी पोरगी प्रत्येक वाक्यात एकदा 'देशात तिसरे' म्हणत होती, अन प्रत्येक वेळी अप्पांचा फेटा थोडा खाली येत होता. माझी लेक टीममधल्या पोरांसोबत तिसऱ्या रांगेत, मान खिडकीकडं वळवून बसलेली. अप्पा एकसारखे तिच्याकडंच बघून राहिले होते.

त्यांना माईक दिला. ते उभे राहिले. गुडघा खरंच दुखत असावा, टेबल धरून उभे राहिले.

"मी तिसरा आलो न्हाई," अप्पा म्हणाले. "माझं नाव खोडलं होतं. अपात्र. गेटवर लिव्हलंय ते खोटं हाय. चूक माझी होती. मी नियम मोडला." अन खाली बसले.

सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं हातातल्या कागदाकडं बघितलं, पुढं लिहिलं होतं 'प्रेरणादायी शब्दांबद्दल आभार', ते तिनं वाचून टाकलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या लेकीनं मान वळवली होती, पण चेहरा आणखीच पडलेला. माझ्या मागच्या रांगेत एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा लबाड निघाला की."

झालं. माझ्याच्यानं बसवलं नाही. शपथ गेली खड्ड्यात म्हणलं अन उभी राहिले. मला माईक लागत नाही, वीस वर्षं साठ-साठ पोरांसमोर ओरडलेय. "लबाड नाहीत," म्हणलं. "त्यांची गाडी त्यांच्या वडिलांनी ढकलली म्हणून नाव खोडलं!"

"खाली बस," अप्पा माईकमधून म्हणाले.

मी बसले नाही. धोतर, गठ्ठा, पाया पडणं, गुडघ्यावर आपटलेलं हेल्मेट, मांडीतले धपाटे, झेंडेवाल्याला दटावणं, सगळं सांगितलं. हॉल आधी नुसता बघत राहिला, मग धपाट्यांपाशी फुटला. पोरं बाकावर हात आपटून हसली. सूत्रसंचालन करणारी पोरगी कागदात तोंड लपवून हसली. मी अप्पांकडं बघितलं अन माझं सांगणं तिथंच थांबलं. ते शालीच्या टोकाशी चाळा करत होते, खाली बघून, अन त्यांचा चेहरा असा झाला होता की जसं काही ती सगळी पोरं त्यांच्या वडिलांनाच समोर उभं करून हसत होती. मला लई वाईट वाटलं. मीच हे केलं, असं वाटलं.

तेवढ्यात माझी लेक उठली. पोरांमध्ये फिरवायला एक माईक होता, तो तिनं घेतला. हसू हळूहळू थांबलं.

"अप्पा," ती म्हणाली, "ह्यात लपवायसारखं काय होतं? नुसतं गप्प बसायचं. तिसरा आलो, असं का सांगितलंत?"

माझाच प्रश्न होता तो. मला त्यांनी लाइट लावायला सांगितला होता. तिला मात्र त्यांनी उत्तर दिलं. उभे नाही राहिले, बसूनच, माईक दोन्ही हातांत धरून.

"मी न्हाई सांगितलं पहिल्यांदा," अप्पा म्हणाले. "उदगिरात येऊन माझ्या वडलांनीच सगळ्या मोंढ्याला सांगितलं. पेढे वाटले. त्यांना कोण खोटं पाडणार?"

"पण त्यांना कुणी सांगितलं?"

"मी." अप्पा थांबले. "शर्यत संपली. निकाल पाटीवर लिव्हला, इंग्रजीत. त्यांना वाचता येईना. धोतराला ऑइल लागलेलं, छाती धपापलाली होती. माझ्यापाशी आले अन म्हणले, 'कितवा आलास रे?' मी इतका शिकलो, पडलो, पास झालो, पण कितवा आलास म्हणून त्या माणसानं मला कधी इचारलं न्हवतं. अन तोंडावर असला आनंद, मी जल्मात बघितला न्हवता. मला म्हणले, 'मी ढकललं म्हणून जमलं, न्हाई का?' आता त्या माणसाला मी काय सांगू, बाळा? तुम्ही ढकललं म्हणूनच नंबर गेला, असं सांगू?"

कुणी हसलं नाही. माझी लेक तो माईक तसाच हातात घेऊन, वायर ओढत, रांगेतून वाट काढत स्टेजकडं निघाली. आदल्या दिवशी गाडीत मी त्या माणसाला हौशी म्हणलं होतं. शेजारच्या बाईंनी मला हळूच कोपरानं ढोसलं अन विचारलं, "मॅडम, रडून राहिलात का?"

म्हणलं, "हाव. रडून राहिले."